पेरूच्या आळ्यातले झिरकॉन

मत्सर मी आयुष्यात पुष्कळांचा केला, पण सुवार्तेचा जितका मन लावून केला तितका दुसऱ्या कुणाचाच नाही. सुवार्ता माझी मावसबहीण, माझ्याच वयाची. तिचे वडील कोपरगावकडं साखर कारखान्यात हंगामी कामाला होते. हंगाम संपला की त्यांचं बिऱ्हाड कुठं हलेल याचा नेम नसायचा, म्हणून दहावी झाल्यावर मावशीनं तिला नगरला आमच्याकडं शिकायला ठेवलं. ती आली तेव्हा तिच्यासोबत पत्र्याची एक ट्रंक होती, काकवीचा एक डबा होता आणि कमरेखाली रुळणारी वेणी होती. फळीवर जिथं माझ्या दगडांचं खोकं असायचं तिथं आईनं काकवीचा डबा ठेवला आणि माझं खोकं कॉटखाली ढकललं. घरात जागा नव्हती, एवढंच त्याचं कारण. पण मी त्या दिवशी जी धुमसायला लागले ती कॉलेज संपेपर्यंत धुमसत राहिले.

सुवार्तेत एखादा ढळढळीत दोष असता तर फार सोय झाली असती. पण तिची भाकरी टम्म फुगायची आणि माझी तव्यावर रुसून बसायची. चर्चमध्ये ती गायला उभी राहिली की पेटी वाजवणारे मास्तर डोळे मिटून घ्यायचे. मी गायला लागले की ते पेटीचा भाता जोरात हलवायचे. बरं, तिनं त्याचा तोरा तरी मिरवावा? तेही नाही. पहाटे नळाला पाणी आलं की ती कुणी न उठवता उठायची आणि हंडे भरून ठेवायची, मग आई मला उठवताना म्हणायची, "ती बघ, आन् तू बघ." पप्पा नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात टर्नर होते. संध्याकाळी सायकल भिंतीला लावून, तेलाचा वास येणाऱ्या हातांनी ते खिशातून शेंगदाण्याच्या चिक्कीची एक वडी काढायचे. पूर्वी ती अख्खी माझी असायची. आता ती ओट्यावर ठेवून मधोमध मोडली जायची, आणि मोठा तुकडा कुणाकडं जातो हे मी न बघितल्यासारखं करून बघायची.

पण पप्पांचं मला फारसं काही नव्हतं. माझा सगळा जीव आईकडं लागलेला असायचा. माझी आई पाठीवरून हात फिरवणारी, पोरींना कुशीत घेणारी बाई नव्हती. तिची माया कामातून दिसायची. एखाद्याचं काम तिनं न सांगता उचललं की समजावं, हे माणूस तिच्या काळजातलं आहे. पप्पांच्या डब्यातली चपाती ती घडी घालताना दोनदा दाबून बघायची, मऊ आहे का म्हणून. माझं मात्र तिनं कधी काही उचललं नाही. जर्नलच्या आकृत्या राहिल्या, परकराची शिवण उसवली, तरी तिचं एकच ठरलेलं, "ज्याचं त्यानं करावं." म्हणून ती कुणाचं काम करते यावर माझा घारीसारखा डोळा असायचा.

आईची एक गोष्ट चर्चच्या अख्ख्या मंडळीत प्रसिद्ध होती. ती म्हणजे तिचं रोळणं. आताच्या मुलींना हा शब्द सांगावा लागतो, कारण आता तांदूळ मशीनमधून स्वच्छ होऊन पिशवीत येतो. तेव्हा रेशनच्या तांदळात खडेच इतके असायचे की तांदूळ निवडण्यापेक्षा खडे निवडणं सोपं पडावं. आई दोन पातेली घेऊन मोरीत बसायची. एकात तांदूळ आणि पाणी घेऊन ते पातेलं असं काही गोल हेलकावायची की तांदूळ पाण्याबरोबर वर उठायचे. ते अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतायचे, पुन्हा पाणी, पुन्हा हेलकावा. पाण्याचा चळ्ळ-चळ्ळ आवाज आणि तिच्या बांगड्यांचा आवाज एका तालात चालायचा. शेवटी पहिल्या पातेल्याच्या तळाशी जे जड ते उरायचं, खडे आणि वाळू. ते आई मागच्या दारच्या पेरूच्या आळ्यात भिरकावून द्यायची. मंडळीत कुणाचंही लग्न असलं की भाताचे तांदूळ रोळायला आईला बोलावणं यायचं, आणि जेवताना कुणाच्या दाताखाली खडा आला तर लोक म्हणायचे, आज बाई आलेल्या दिसत नाहीत.

दगड मात्र माझे होते. लहानपणापासून कुठं विहीर खणताना सुरुंग लागला की मी तिथं हजर. काळ्या पाषाणाच्या पोटातल्या पांढऱ्या, हिरवट, काचेसारख्या गारा मी फ्रॉकच्या ओच्यातून घरी आणायची. त्यामुळं कॉलेजात भूगर्भशास्त्र घेणार हे माझं आधीच ठरलं होतं. सुवार्तेचं काहीच ठरलेलं नव्हतं. "एस्तेर जिकडं, मी तिकडं," म्हणाली आणि माझ्या मागं येऊन बसली. पहिल्या सहामाहीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा प्रत्यक्ष माझ्या शेजारच्या बाकावर वेणी घालून बसलेला होता.

आम्हाला खनिजं शिकवायला निमसे सर होते. खडूनं भरलेले हात पँटीला पुसायचे, त्यामुळं तास संपेपर्यंत सर गुडघ्यापर्यंत पांढरे झालेले असायचे. त्यांचं सगळ्यात लाडकं खनिज झिरकॉन. आपल्या नगरचा दगड लाव्ह्याचा, त्यात झिरकॉन शोधूनही सापडायचा नाही, म्हणून आम्ही तो फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. पण सर सांगायला लागले की वाटायचं, आत्ताच त्यांच्या खिशातून निघेल. "ग्रॅनाइट थंड होताना हा एवढासा कण तयार होतो," ते म्हणायचे, "रव्यापेक्षा बारीक. तयार होताना पोटात थोडं युरेनियम घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. पुढं त्या युरेनियमचं फार सावकाश शिसं होत राहतं. आत शिसं किती साठलं ते मोजा, की दगड केव्हा जन्मला ते कळलं."

मग ते आवाज खाली आणायचे. "आता समजा, त्या दगडावर उल्का येऊन आदळली. तुमच्या-माझ्या कल्पनेत बसणार नाही असा दणका. झिरकॉन तसा चिवट, पण त्याच्याही अंगावर समांतर चिरा पडतात, आतली रचना मुरगळते. आणि फारच तापला, तर तो जागच्या जागी मोडून नव्या बारीक दाण्यांचा बनतो. जुनं शिसं निसटून जातं. मग तो कण जन्माचं वय सांगत नाही. दणका केव्हा बसला, ते सांगतो. आणि काही कण अर्धेच बदलतात. ते धड हे सांगत नाहीत, धड ते. त्यांच्यापासून सावध राहायचं." मला हे ऐकताना फार बरं वाटायचं. माझं वयही कुणी मोजलं असतं तर ते काकवीचा डबा फळीवर चढला त्या दिवसापासून मोजावं लागलं असतं, असं मला वाटायचं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली आणि सरांकडं एक पिशवी आली. दूरच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत त्यांचे मित्र होते. उत्तरेकडच्या ग्रॅनाइटच्या मुलखात जमिनीला एक गोल खोलगा आहे, तो उल्केच्या आघाताचा असावा असा त्यांना संशय होता, आणि तिथल्या वितळून पुन्हा घट्ट झालेल्या दगडाचे तुकडे त्या पिशवीत होते. त्यातले झिरकॉन कुणीतरी हातानं वेगळे करून द्यायला हवे होते. जो विद्यार्थी ते नीट करील त्याला सुट्टीभर त्या संस्थेत सूक्ष्मदर्शकावर काम करायला मिळणार होतं, आणि काम आवडलं तर पुढं तिथंच शिकायला. जागा एकच होती. सरांनी पिशवी उचलली आणि सुवार्तेच्या हातात दिली. "हात स्थिर आहे हिचा," ते म्हणाले. "एस्तेर, तू हिला मदत कर."

मदत कर! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या मुलीनं बारा वर्षांची असताना विहिरीच्या कपारीत उतरून गारा काढल्या तिनं मदत करायची, आणि जिनं दगड कधी चुलीला लावायलाही उचलला नसेल तिनं संस्थेत जायचं. घरी येईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि आल्यावर जाहीर केलं की मला वेळ नाही. त्यानंतर पुरे आठ दिवस मी घरात पाहुण्यासारखी वावरले.

उन्हाळ्याचं कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून सगळं काम आमच्या मागच्या दारी चाललं. सुवार्तेनं आईचा लोखंडी खलबत्ता घासून घासून लसणाचा वास घालवला आणि त्यात ते दगड कुटले. ठण-ठण असा आवाज दुपारभर चालायचा, शेजारच्या काकू विचारायच्या, एवढा मसाला कुणाच्या लग्नाचा? कुटलेलं तिनं मैद्याच्या चाळणीनं चाळलं. मग त्यातली पिठासारखी माती धुऊन काढायला तिला बारीक कापड हवं होतं, तेव्हा पप्पांनी दोरीवरची माझी हिरवी ओढणी काढून तिला दिली. मला विचारलंही नाही. जुनी होती, विरलेली होती, पण माझी होती. त्या ओढणीत गाळलेली ती सगळी भरड बांधून सुवार्तेनं गाठोडं परातीत ठेवलं. आता एकच काम उरलं होतं. पाण्यात हेलकावून हलकं वाहून घालवायचं आणि तळाला जड उरेल ते जपायचं, कारण झिरकॉन जड. सरांनी तिला दहादा बजावलं होतं, तळाचं सोडून सगळं फेक.

तो रविवार होता. उपासना सुटल्यावर सुवार्ता गाण्याच्या सरावाला थांबली आणि मी मुद्दाम मैत्रिणीकडं रेंगाळले. घरी आले तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत मटणाच्या रश्श्याचा वास आला होता. मागच्या दारी आई मोरीच्या कट्ट्यावर बसली होती. अंगावर चर्चला नेसलेलं निळं पातळ तसंच होतं, पदर खोचलेला, आणि समोरच्या ताटात पांढरीशुभ्र वाळू उन्हात पसरलेली. कट्ट्यावर माझी हिरवी ओढणी पिळून टाकलेली होती.

"बघ," आई म्हणाली. तिचा चेहरा लग्नाचा भात उतरवल्यासारखा खुलला होता. "कसं दुधावानी झालंय. एक खडा न्हाई ठिवला."

मी ताटावर वाकले. "आणि तळाला काय राहिलं?"

"काळं-काळं, जड-जड. लई घान हुती त्यात."

"ती कुठं आहे?"

"टाकली की. पेरूला."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. गेली! सुवार्तेची संस्था गेली, सूक्ष्मदर्शक गेला, स्थिर हात गेला. पण तो आनंद घोटभरसुद्धा टिकला नाही, कारण माझं लक्ष आईच्या पातळाकडं गेलं. गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. रविवारचं पातळ बदलायलाही न थांबता, रस्सा चुलीवर ठेवून ती रोळायला बसली होती. माझ्या आकृत्यांना जिनं कधी हात लावला नाही ती सुवार्तेची वाळू धूत बसली होती. मग माझी जी जीभ सुटली ती सुटलीच.

"तुझ्या लाडक्या भाचीचं वाटोळं केलंस तू," मी ओरडले. "तळाचंच पाहिजे होतं तिला! बाकीचं टाकायचं होतं! कर आणखी तिची कामं!"

"सुवार्तेचं?" आई म्हणाली. जणू घरात पंचवीस पोरी दगड कुटत बसल्या होत्या. मला त्या प्रश्नाचा इतका संताप आला की मी तिथून निघूनच गेले. मागं वळून पाहिलं तेव्हा आई तोंडावर पदर धरून ताटातल्या वाळूकडं बघत होती.

सुवार्ता गुणगुणतच आली. तिला सांगायचं काम पप्पांनी केलं. ती रडेल, आदळआपट करील, निदान एकदा तरी आईला बोलेल, म्हणून मी दारात उभी राहिले. तिनं ताटाकडं पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि म्हणाली, "असू द्या, मावशी. तुमाला काय ठाव." आणि पानं वाढायला घेतली. आईला घास गिळेना. पप्पांनी रश्श्यातली नळी उचलून सुवार्तेच्या ताटात ठेवली. ती नळी दर रविवारी माझी असायची. इतकं मोठं नुकसान होऊन गेलेलं, आणि मला खरा राग आला तो त्या नळीचा. जेवणानंतर आई आणि सुवार्ता मागच्या पायरीवर बसून हलक्या आवाजात कितीतरी वेळ बोलत होत्या. आईनं तिचा हात आपल्या हातात धरला होता. मी खिडकीतून ते बघितलं आणि मला वाटलं, आपण मेलो असतो तरी आईनं आपला हात असा धरला नसता.

त्या दोघी आत गेल्यावर मी पेरूखाली जाऊन बसले. ऊन कलत होतं. आळ्यातल्या काळ्या मातीवर तांदळाचे जुने खडे होते, आणि एका बाजूला ओलसर, गडद असा एक पसारा होता, आईनं भिरकावलेला. मी काडीनं तो उकरत बसले. आता ही माती आणि ती घाण एक झाली, असं मनात आलं, आणि पाठोपाठ दुसरा विचार आला की मी ताडकन उठले. माती आपली. काळ्या दगडाची माती. तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारी काळी वाळू असणार, हवी तेवढी असणार, पण झिरकॉन कुठून असणार? या आळ्यात झिरकॉन मिळाला तर तो त्या पिशवीतलाच.

मी हे सुवार्तेसाठी केलं नाही, हे आजही स्वच्छ सांगते. ती हरली तर सगळे तिचेच लाड करणार, हे मी जेवताना पाहिलं होतं. मग मीच का जिंकू नये? मी उलथनं आणलं, आळ्याचा वरचा थर खरवडून घमेल्यात भरला. पप्पांकडं जुन्या स्पीकरचं चुंबक होतं ते मागितलं. "कांदे लावतीस का काय?" त्यांनी विचारलं. मी गढूळ पाणी जाईपर्यंत माती धुतली. मग आईचंच पातेलं घेतलं आणि रोळायला बसले. आईसारखा हात मला नव्हता; निम्मं पाणी माझ्याच अंगावर येत होतं. चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून फिरवलं की त्याला काळी दाढी फुटायची, ती झटकायची, पुन्हा फिरवायचं. पाणी संपलं. मी उठणार तोच शेजारी भरलेली बादली येऊन टेकली. सुवार्ता होती.

"लांब हो," मी म्हणाले.

"व्हते," ती म्हणाली, आणि दुसरी बादली आणायला गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी रोळत होते आणि ती पाणी घालत होती, एक अक्षर न बोलता. शेवटी वाटीच्या तळाशी चिमूटभर राहिलं. ते उन्हात धरून मी भिंग लावलं. राखाडी, तांबूस कणांत काही कण वेगळे होते. लांबट, काचेसारखे, फिकट गुलाबी. मी आयुष्यात पहिल्यांदा झिरकॉन बघत होते, आणि तो आमच्या पेरूच्या आळ्यातून आला होता.

सरांकडं मी एकटीच जाणार होते, पण मी चपला घातल्या तेव्हा सुवार्ता आधीच चपला घालून दारात उभी होती. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग मला बघू दिलं. एका कणावर सारख्या अंतरानं सरळ चिरा होत्या, दोन दिशांनी, शंकरपाळ्याच्या पोळीवर कातणं फिरवावं तशा. आणि दुसरा एक कण आतून सगळा रवाळ होता. तूप वितळून पुन्हा थिजलं की कसं कणीदार होतं, तसा. बाहेरून आकार जुनाच, आत सगळं नवं. "हा बघ," सर म्हणाले, "हा मोडला आणि पुन्हा बनला. हा दणक्याचं वय सांगणार." मग त्यांनी मान वर केली आणि सुवार्तेच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, सुवार्ता!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझे हात उलथन्यानं सोललेले, आणि शाब्बासकी तिला. मी बोलणार इतक्यात सुवार्ताच म्हणाली, "सर, हे माझं न्हाई. माझं वाया गेलं हुतं, पार फेकलं गेलं हुतं. एस्तेरनं मातीतनं काढलं. मी नुसतं पानी आनलं." आणि तिनं पेरूपासून चुंबकापर्यंत सगळं सांगितलं. सर आधी घाबरले, मातीची भेसळ म्हणून. मग मी काळ्या मातीचं सांगितल्यावर हसायला लागले. "तेही खरं. आणि तुमच्या पेरूवर उल्का पडली असती तर मला ऐकू आलं असतं." हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "मग एस्तेरनंच जायला हवं."

म्हणजे मी जिंकले. आणि झालं काय? पुढच्या रविवारी पाळकांनी उपदेशात सुवार्तेचं उदाहरण दिलं. हातातली संधी सत्यासाठी सोडून देणारी मुलगी. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही, "आपल्या एका बहिणीसाठी" एवढंच म्हणाले. बायका बाहेर पडताना तिच्या गालावरून हात फिरवत होत्या, काय मोठं मन पोरीचं. मी तिथंच उभी होते, संस्थेत जाणारी. स्टँडवर निघताना आईनं मला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सुवार्ता शेजारी उभी होती. आईनं तिच्याकडं बघितलं आणि नुसतं म्हणाली, "पोचलीस की कळव." मी मनात म्हटलं, मला निरोप देतानासुद्धा हिला ती बघावी लागते.

मी गेले ती तिकडचीच झाले. उभं आयुष्य मोडलेल्या आणि पुन्हा बनलेल्या कणांची वयं काढण्यात गेलं, आणि ते मला आवडलं. सुवार्ता कोपरगावला शाळेत विज्ञानाची बाई झाली. ती निवृत्त झाली त्या समारंभाला मी गेले होते. तिचे विद्यार्थी, त्यांची पोरं, एवढी माणसं रांगेनं तिच्या पाया पडत होती की मला खुर्चीत बसवेना. माझ्या निवृत्तीच्या निरोपाला केक होता आणि सामोसे.

इथपर्यंत माझ्या आठवणींचं हे प्रकरण लिहून झालं होतं. या नाताळला सुवार्ता माझ्याकडं आली. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही दोघी करंज्या करायला बसलो होतो. ती लाटत होती, भरत होती, मी तिला हे वाचून दाखवत होते. तिला खाली बघायला लावावं हा हेतू होताच, नाही कसा म्हणू. भाकरीचं ऐकून ती हसली, नळीचं ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आईच्या निळ्या पातळापाशी आले आणि तिनं लाटणं ठेवलं.

"ते खोड," ती म्हणाली.

"काय खोडू?"

"मावशीनं ते माझ्यासाठी न्हाई रोळलं. हिरव्या ओढणीत हुतं ना ते? तिला वाटलं, दगड दोघींना वाटून दिल्यात, आन् तुझ्या ओढणीतलं ते तुझं हाय."

मी कागद खाली ठेवला.

"आठ दिस तू कुनाशी बोलत नव्हतीस," सुवार्ता करंजीची कड दाबत म्हणाली. "तिला वाटलं, पोरीचं काम अडलंय, म्हनून घुमी झालीय. मला पायरीवर बसून म्हनली, एस्तेरचं समजून हात लावला गं, तुझं हाय ठाव असतं तर लावला नसता, तुझं तू करतीस. लई रडली. तुला सांगनार हुती. मीच म्हनलं, नका सांगू, ती आदीच चिडलीय."

"मग नंतर? इतक्या वर्षांत?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "मी त्या घरात पानी भरलं, भाकऱ्या थापल्या. वाटायचं, मावशीनं एक डाव तरी आपल्यासाठी असं बसावं. आन् एक डाव ती बसली, तर ते बी तुझं निघालं. मला न्हाई सांगवलं, एस्तेर."

मी हात धुवायला म्हणून उठले. नळ सोडला आणि त्या पाण्याच्या आवाजात, या वयात, आईच्या नावानं मोठ्यानं रडले. चर्चचं पातळ तिनं बदललं नव्हतं. माझ्यासाठी बदललं नव्हतं. आणि मी तिला म्हटलं होतं, कर आणखी तिची कामं. बाहेर आले तेव्हा सुवार्तेनं कढई ठेवली होती.

"लई जळलीस का गं?" मी विचारलं.

"लई," ती म्हणाली. "अजून बी."

मग आम्ही करंज्या तळायला घेतल्या. मी भरलेली पहिलीच तेलात फुटली. तिची एकही फुटली नाही.